उघडं लाकूड

पिंपरी पेंढारचा गेणभाऊ सुतार दाराच्या साध्या चौकटी करायचा. वेलबुट्टी नाही, कमळ नाही, रंगसुद्धा नाही. कुणी नक्षीचा हट्ट धरला, की तो सरळ आळेफाट्याच्या नक्षीवाल्यांचा रस्ता दाखवायचा. लोक म्हणायचे, याला नक्षी येतच नाही.

खरं तर फार सुरेख यायची. तो विशीत शिकाऊ असताना त्याच्या उस्तादाने एका चौकटीच्या कुजक्या लाकडात भुसा आणि सरस भरला आणि वरून गेणभाऊला द्राक्षाचा वेल कोरायला लावला. त्याने मुकाट्याने कोरला. वर्षभरात ती चौकट कोसळली, तीही नेमकी त्याच्या बहिणीच्या, साळुबाईच्या सासरी. तिचा पाय कायमचा अधू झाला. तेव्हापासून झाकलेलं लाकूड दिसलं, की त्याच्या मनात पाल चुकचुकायची.

गेल्या दिवाळीनंतर वारूळवाडीच्या वैजयंतीबाई टेम्पोतून एक जुनी चौकट घेऊन आल्या. तिच्यावर निळ्या ऑइलपेंटचे थरावर थर.

"आमचं गाव धरणात गेलं, तवा वडलांनी काढून आणली. रंग काढा, नव्या घराला बसवायचीय."

गेणभाऊने बोटाने टकटक केली. "येवढा रंग कशापायी? खाली काय दडवलंय?"

"दडवायचं काय त्यात? सागवान हाय."

"रंगाखाली समदंच सागवान असतंय. त्यापरीस नवी करून देतो. ही ठिवून जावा."

बाईंचे डोळे बारीक झाले. जुन्या सागावर सुतारांची नजर असते, हे त्या ऐकून होत्या. "नवी नको, हिचाच रंग काढा," म्हणत त्यांनी स्टूल ओढलं आणि तिथेच बसल्या. दुसऱ्या दिवशी जेवणाचा डबा घेऊनच आल्या. तो पाणी प्यायला उठला, तरी त्यांची मान त्याच्याबरोबर वळायची.

तिसऱ्या दिवशी डाव्या बाजूच्या तळाशी रंग सुटला आणि एक तिरकी रेघ दिसली.

"सांधा हाय. म्हनलं न्हवतं?" गेणभाऊच्या आवाजात समाधान होतं.

बाई पुढे वाकल्या. त्याने पटाशी लावली, आता भुसा गळेल म्हणून. भुसा गळेना. कुणीतरी कुजका भाग पुरता कापून टाकून त्याच जातीचा तुकडा रेषेला रेषा जुळवून बसवला होता. पटाशीचं टोक कुठेच शिरेना.

त्याने त्या रेघेवरून अंगठा फिरवला. "हे कुण्या सुताराचं काम?"

"सुतार कुठला? वडलांनीच केलं आसंल. आन् निळा रंग आईला आवडायचा. दर दिवाळीला ती नवा हात द्यायची."

गेणभाऊने पटाशी खाली ठेवली. "लाकूड चोख हाय. म्या वंगाळ बोललो."

"माजाबी तुमच्यावर भरवसा न्हवता," बाई म्हणाल्या. पण स्टुलावरून उठल्या नाहीत.

वारूळवाडीत चौकट उभी केली, तिला नुसतं जवसाचं तेल पाजलं. गेणभाऊने दोरीचा ओळंबा सोडून दोन्ही बाजू सरळ उभ्या आहेत का ते तपासलं, तसा बाईंनी हात पुढे केला. "आणा इकडं, मीबी बघते."

त्याने ओळंबा त्यांच्या हातात दिला.