कचेरीत जायची साडी

कचेरीत जायची माझी एक साडी वेगळी आहे. विटकी, काठाला उसवलेली. ती आक्कानं निवडून दिली. आक्का म्हणजे चाकण रस्त्याच्या आमच्या चाळीतली माझी शेजारीण, इथल्याच एका गावची. दोघींचे नवरे आम्हाला एचआयव्ही देऊन वर गेले, म्हणून दोघींना निराधारांचं अनुदान मिळतं. त्यासाठी दर वर्षी कचेरीत तोंड दाखवायचं. जिवंत आहोत आणि अजून निराधारच आहोत, हे साहेबाला पटवायचं.

"डोस्क्याला त्याल लावू नगं," आक्का बजावायची. "गरीब दिसाया पायजे."

केस पिंजारून आम्ही बसमध्ये चढायचो. मला त्याची भयंकर चीड यायची, पण जायचे. मी एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायचे, आक्का दुसऱ्या कंपनीत झाडलोट करायची; पोट भरत होतं. खोलीचं भाडं मात्र अनुदानातूनच निघायचं.

दवाखान्यातल्या गोळ्या आक्काला लागू पडल्या होत्या. गाल वर आले, आवाज खणखणीत झाला. मागच्या वर्षी टेबलामागचा साहेब तिला खालपासून वरपर्यंत बघून म्हणाला, "बाई, तुम्ही तर माझ्यापेक्षा ठणठणीत दिसताय. सरकारचा पैसा कशाला पाहिजे?"

"गोळ्यांनी ठणठणीत आहे ती, साहेब," मी त्याच्या ढेरीकडे बघत म्हणाले. "बासुंदी खाऊन नाही."

गेंड्याची कातडी. त्यानं पुढच्या बाईला हाक मारली.

 परतताना बसमध्येच आक्कानं मनाशी ठरवलं असणार. जुनी साडी नेसून भागत नाही, तर अंगच जुनं करायचं. दर महिन्याला ती माझ्यासोबत रांगेत उभी राहून गोळ्यांची बाटली घ्यायची आणि घरी येऊन तांदळाच्या डब्यात पुरायची. मला सांगितलं नाही. वाळत चालली तेव्हा "ओव्हरटाइम लई हाय" म्हणाली, आणि मीही ते खरं मानलं.

यंदा कचेरीचा जिना तिला चढवेना. मी तिला धरून साहेबासमोर उभी केली. तो मान हलवत म्हणाला, "हं, आता कशी खरी केस वाटते! डॉक्टरचा ताजा दाखला आणा, पुढच्या महिन्यात या." त्या माणसाच्या तोंडात किडे पडोत, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

तिथून रिक्षा करून थेट दवाखाना गाठला. टीबी निघाला. गोळ्यांचंही तिथंच बाहेर आलं. समुपदेशन करणाऱ्या बाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अहो, आजाराचा दाखला असला की झालं. तब्येत सुधारली म्हणून अनुदान बंद होत नाही." हे सांगायला त्यांना आजचा मुहूर्त सापडला. इतकी वर्षं सगळ्यांनी मिठाची गुळणी धरली होती.

"तिला काय ठावं?" बाई गेल्यावर आक्का खाटेवरून पुटपुटली. "सायेबानं मानलं का न्हाई? तू ऐकलंस नव्हं?"

मी तिला शिवी हासडली, चांगली सणसणीत. मग राग आवरेना म्हणून कचेरीतून सुटल्यावर लावायला पिशवीत ठेवलेली तेलाची बाटली काढली आणि तिच्या उशाशी बसले. ते केस मला बघवत नव्हते.

तिनं डोकं बाजूला घेतलं.

"त्याल नगं गं," ती म्हणाली. "म्हैन्यानं परत कचेरीत जायचंय."