यादीत किती सांगायचं?

उज्वला मंडलिक मखमलाबादची. घरची टोमॅटोची शेती. वडील बहिरूभाऊ क्रेट भरून मार्केटला जायचे आणि लेक कॉलेज रोडच्या एका छोट्या कंपनीत प्रोग्रॅम लिहायची. कंपनी आडत्यांच्या कामाची तयार फंक्शनं, म्हणजे प्रोग्रॅमचे तयार तुकडे, विकायची. एखादं वजनं जुळवायचं, एखादं नासक्या मालाची घट वजा करायचं. गावोगावचे प्रोग्रॅमर ती आपल्या प्रोग्रॅममध्ये बसवत. दोन हजार तीन साली या फंक्शनांचं मॅन्युअल लिहायचं काम उज्वलाकडे आलं.

मालक वाल्मीकदादांचं म्हणणं, मॅन्युअलच्या सुरुवातीच्या यादीतच सगळं टाका. नाव, नियम, चुका, उदाहरणं.

"दादा, ती यादी राहणार नाही, पोथी होईल."

"होऊ दे की! गिऱ्हाईकाला वाटलं पाहिजे, काहीतरी घेतलं."

उज्वलाची यादी निराळी. एका फंक्शनला एक ओळ. काय द्यायचं, काय परत मिळतं. बाकीचं आतल्या पानावर.

"एवढंसं?" दादा म्हणाले. "लग्नपत्रिकेत याहून जास्त मजकूर असतो."

शेवटी ठरलं, सिन्नरची प्रोग्रॅमर शुभांगी दोन्ही याद्या वापरून बघेल. तिला जमेल ती छापायची.

शुभांगीनं आधी दादांची यादी घेतली. पानं उलटली, पुन्हा मागे आली. "ताई, घटीचं फंक्शन कुठंय? सांगून टाका ना, एवढं वाचत कोण बसतंय!"

उज्वलाच्या ओठांवर उत्तर होतं. पण छापलेल्या पुस्तकाशेजारी ती थोडीच बसणार होती?

मग उज्वलाची यादी. शुभांगीचं बोट थेट ओळीवर गेलं. दादांचा चेहरा पडला. उज्वला तिथंच जिंकली असती.

"अजून थोडं चालू दे," ती म्हणाली.

शुभांगीनं निव्वळ वजन बघायला घटीचं फंक्शन चालवलं. शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची पावती, काढताना पुन्हा चालवलं. घट दोनदा वजा झाली. ते फंक्शन मूळ वजनच बदलायचं. आतल्या पानावर तसं लिहिलं होतं, पण ओळ वाचून काम भागल्यासारखं वाटलं, मग आत कोण जाणार?

शुभांगीच्या ते ध्यानात आलं नाही. दादांच्याही नाही. उज्वलाच्या डोळ्यांपुढे मात्र बहिरूभाऊंचे क्रेट आले.

"दादा, माझी यादी चुकली," ती म्हणाली आणि पडद्यावरचं वजन दाखवलं.

दादा खुलले. "मग माझीच छापू! माझ्यात लिहिलंय ते."

"कुठं लिहिलंय?"

दादा शोधू लागले. चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"दादा, तुम्हालाच सापडेना!" शुभांगी हसली.

उज्वलानं यादी पुन्हा समोर ओढली. मूळ आकड्याला हात लावणारी जेवढी फंक्शनं होती, तेवढ्यांपुढेच दोन शब्द घातले: मूळ बदलतं.

"बाकीच्यांपुढे 'बदलत नाही' लिही की," दादा म्हणाले.

"सगळ्यांपुढे काहीतरी लिहिलं, की कुणाचंच वाचत नाहीत दादा."

शुभांगीला पुन्हा बसवलं. बोट त्या ओळीवर आलं आणि थबकलं. तिनं आपणहून आतलं पान उघडलं.

दादांनी आपल्या यादीचा गठ्ठा उचलला, उलटा केला, प्रिंटरमध्ये घातला. उज्वलाच्या यादीची पहिली प्रत त्याच कागदांच्या कोऱ्या पाठीवर निघाली.