नऊ पुस्तकं, पहिल्या पानापासून

टाचणीताई हे काही तिचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नकोच. कपडे अल्टर करून द्यायचं एवढंसं दुकान, दिवसभर मापं घ्यायची, त्यामुळे ड्रेसच्या खांद्याशी पाच-सहा टाचण्या कायम खोचलेल्या. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी बाई कॉलेजात पहिल्या वर्षाला जाऊन बसली तीही टाचण्यांसकट. वर्गातली पोरं पहिल्याच आठवड्यात टोपणनाव पाडून मोकळी झाली. तिला राग आला नाही. 'मावशी' म्हणाली असती तर जास्त लागलं असतं, असं ती नवऱ्याला म्हणाली.

स्वभावाने एकदम चिवट. हातात घेतलेलं काम अर्धवट सोडायचं म्हणजे तिच्या जिवावर यायचं. एका गिऱ्हाइकाने कोटाचं एकच बटण लावायला दिलं होतं, तर हिने उरलेली पाचही काढली आणि परत लावली. का, तर दोऱ्याचा रंग जुळत नव्हता! आता अशा बाईच्या हातात कॉलेजचा निबंध पडला की काय होणार, तुम्हीच सांगा.

दुसऱ्या सत्रात सरांनी निबंध लावला. दहा पानं, विषय ज्याचा त्याने निवडायचा, निदान पाच पुस्तकांचा आधार हवा. ठरलेल्या शुक्रवारी पाचच्या आत निबंध हातात पडला नाही तर परीक्षेला बसता येणार नाही, म्हणजे वर्ष गेलं. त्यात सरांची ख्याती अशी, की ते निबंध मागून उघडतात. आधी पुस्तकांची यादी बघायची, एका नावावर बोट ठेवायचं आणि विचारायचं, "हे वाचलंत?" मागच्या वर्षी एकाने मान डोलावली आणि पुढच्याच प्रश्नाला त्याची पार भंबेरी उडाली. ही गोष्ट वर्गात पहिल्याच दिवशी सगळ्यांना कळली होती.

टाचणीताईचं तर सगळंच पणाला लागलं होतं. सोळाव्या वर्षी सुटलेलं शिक्षण पुन्हा सुरू करायला एक वर्ष द्या, असं घरात म्हणायलाच तिला वीस वर्षं लागली. ते वाया गेलं तर दुसरं कुठल्या तोंडाने मागणार? कुणी अडवलं नसतं, पण तिचं मनच धजलं नसतं.

विषय तिने घेतला शिलाई मशीनचा. लायब्ररीत गेली, ज्या ज्या पुस्तकाच्या नावात शिलाई, कापड नाहीतर मशीन दिसलं ते ते उचललं. झाली नऊ. दोन पिशव्या भरून घरी आणली आणि पहिलं पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला बसली. पहिल्या पानापासून म्हणजे अगदी छापखान्याच्या पत्त्यापासून. वाचेल ते वहीत उतरवायचं. सकाळी कॉलेज, दुपारी दुकान, मध्ये गिऱ्हाईक नसलं की मशीनच्या पाटावर पुस्तक उघडं. कापूस कसा पिंजतात इथपासून बंदरातल्या जकातीपर्यंत सगळं तिने उतरवलं. दोन महिन्यांत तीन वह्या भरल्या आणि अडीच पुस्तकं झाली.

नवरा एकदा भीत भीत म्हणाला, "अगं, सगळंच लिहायचं असतं का?"

"मग काय, सरांनी विचारल्यावर अर्धं वाचलं म्हणून सांगू?"

बसच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं उघडणारा माणूस, निबंधातलं त्यालाही कळत नव्हतं.

मुदतीच्या आठवड्यातला सोमवार उजाडला आणि तिने मनाशी ठरवून टाकलं. नऊच्या नऊ पुस्तकं पिशव्यांत भरली, लायब्ररीत गेली आणि काउंटरवर ठेवली. "ही परत घ्या. आणि माझं कार्डही रद्द करून टाका."

लायब्ररीयन बाई साठीकडे झुकलेल्या, तोंडाने फटकळ. चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "का हो? लायब्ररीने काय घोडं मारलंय तुमचं?"

"मला नाही जमत. शुक्रवार चार दिवसांवर आलाय आणि अजून साडेसहा पुस्तकं वाचायची राहिलीत."

"साडेसहा? अर्धं कुठलं?"

तिने पिशवीतून वह्या काढून पुढे केल्या. बाईंनी पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं आणि थांबल्या. "लेखकाने सासऱ्यांचे आभार मानलेत. ते तुम्ही कशाला उतरवलेत?"

"पुस्तकात होते म्हणून."

बाई अशा हसल्या की वाचनकक्षातली डोकी वर झाली. मग समोर नजर गेली आणि त्यांचं हसू जागीच थांबलं, कारण टाचणीताईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. बाई काउंटरच्या बाहेर आल्या, खुर्ची ओढली, तिला बसवलं.

"सगळं वाचायचं असतं असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणीच नाही. विचारायची लाज वाटली. छत्तिसाव्या वर्षी पुस्तक कसं वाचायचं ते विचारू?"

"अहो, विसाव्या वर्षीही कुणी विचारत नाही, तेवढीच अडचण आहे! बरं, प्रश्न काय आहे तुमचा?"

"शिलाई मशीन."

"तो विषय झाला. तुम्हाला स्वतःला काय कळून घ्यायचंय?"

दोन महिन्यांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनेही स्वतःला विचारलं नव्हतं. मग म्हणाली, "घरात मशीन आल्यावर बाईचं काम कमी झालं की वाढलं?"

"वा! आता हे पुस्तक उचला. पुढून नाही, मागून उघडा." शेवटच्या पानांवर बारीक अक्षरात शब्दांची लांबलचक यादी होती आणि प्रत्येकापुढे पानांचे आकडे. "घरकाम. शिवणकाम. स्त्रिया. या शब्दांपुढची पानं बघा, तेवढीच वाचा."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं ज्याला हवं तो वाचेल."

"ही फसवणूक नाही का?"

"पँट उंचीला कमी करायला आली तर तुम्ही ती कमरेपासून उसवता का?"

खरं सांगायचं तर ताई क्षणभर अडखळली. पण नाही म्हणाली, आणि म्हणताना तिच्या छातीवरचं दोन महिन्यांचं ओझं उतरलं. असा सुटकेचा श्वास तिने सोडला की बाईंनाही ऐकू गेला.

तासाभरात नऊपैकी चार पुस्तकं बाजूला पडली. त्यांत तिच्या प्रश्नाचं काहीच नव्हतं, आणि त्यातल्याच एकावर तिने महिना घालवला होता! कपाळाला हात लावून ती स्वतःशीच हसली. मग बाईंनी तिला मांडणीपाशी नेलं. एका विषयाची पुस्तकं शेजारीशेजारी लावलेली असतात, म्हणून एक सापडलं की आजूबाजूलाही बघायचं, हे दाखवलं. तिथे आणखी दोन मिळाली. आणि एक गोष्ट मात्र बाईंनी दटावून सांगितली, की ओळ उतरवली की त्याच क्षणी पुस्तक आणि पान लिहायचं, नंतर लिहीन म्हणायचं नाही.

बुधवारी गंमत झाली. दोन वेगवेगळ्या पुस्तकांत एकच आकडा होता: मशीन आल्यावर शिवणकाम करणाऱ्या बायका निम्म्याने घटल्या. टाचणीताईला ते पटेना. तिची आई जन्मभर घरी बसून लोकांचे कपडे शिवायची, गल्लीत तशा सात-आठ जणी होत्या. घटल्या कुठे?

"खाली तळटीप बघा," बाई म्हणाल्या. "आकडा कुठून उचललाय ते तिथे लिहिलेलं असतं." दोन्ही तळटिपा एकाच जुन्या सरकारी अहवालाकडे बोट दाखवत होत्या. तो तळघरातल्या कपाटात निघाला. जाडजूड, बांधणी खिळखिळी, धूळ इतकी की दोघींना शिंका आल्या. तिने मागची यादी काढली, पान गाठलं, तक्ता वाचला. मग तक्त्याच्या खालची बारीक ओळही वाचली. फक्त कारखान्यांत आणि दुकानांत कामाला असणाऱ्या बायका मोजल्या होत्या. घरात शिवणाऱ्या मोजल्याच नव्हत्या.

"अगं बाई!" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की लायब्ररीयन बाईंनीच तिला गप्प केलं.

गुरुवारी दुकान बंद ठेवून तिने निबंध लिहिला. शुक्रवारी साडेचारला ती सरांच्या टेबलासमोर उभी होती. सरांनी निबंध घेतला, मागून उघडला, यादीवरून बोट खाली आणलं आणि नेमकं सगळ्यात जाड पुस्तकावर ठेवलं.

"हे वाचलंत?"

मान डोलावली असती तर कदाचित निभावलं असतं. "नाही सर. साडेचारशे पानांतली एकवीसच वाचली."

सरांनी पहिल्यांदा मान वर केली. "कुठली एकवीस?"

तिने सांगितलं. आधी चाचरत, मग घडाघडा. मागची यादी कशी पाहिली, दोन पुस्तकांतला सारखा आकडा, तळटीप, तळघर, तक्त्याखालची ओळ. "बायका घटल्या नाहीत, सर. काम घरात गेलं आणि मोजायला घरात कुणी आलंच नाही. माझी आई त्या आकड्यात कधीच बसली नसती."

सरांनी निबंधातलं ते पान काढलं. "ही ओळ तुम्हाला कुणी दाखवली?"

"कुणी नाही. मीच वाचली."

त्यांनी रजिस्टर ओढलं, तिच्या नावापुढे सही केली, तारीख घातली. निबंध मात्र गठ्ठ्यावर टाकला नाही, समोरच ठेवला आणि पहिलं पान वाचायला घेतलं. ती दारापर्यंत पोचली तेव्हा त्यांनी मान वर न करताच विचारलं, "पुढच्या वर्षी हाच विषय पुढे नेणार का?"

पुढच्या वर्षी. किती सहज म्हणाले.

"ठरवलं नाही अजून, सर," ती कशीबशी म्हणाली. जिन्याच्या दोन पायऱ्या उतरली, तिसरीवर बसली आणि पोटभर रडून घेतलं. मग डोळे पुसून नवऱ्याला फोन लावला.