जहऱ्याची गोष्ट

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. बायकोला माझ्या बाकीच्या सगळ्या थापा तोंडपाठ आहेत, कुठं हसायचं आणि कुठं उठून चहा ठेवायचा हेही तिला माहीत आहे. पण जहऱ्याची गोष्टही थाप आहे, हे तिलासुद्धा माहीत नाही.

आमच्या खानदानात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे. लग्न असो की तेरवी, जेवणं झाली की खुर्च्या आपोआप माझ्याभोवती सरकतात. पोट सुटलं, केस गेले, पण हा मान टिकून आहे. आणि सगळ्यात जास्त फर्माईश कशाची? जहऱ्याची.

जहऱ्या म्हणजे माझा मावसभाऊ, देवराम. गोष्ट अशी — मच्छीमार सोसायटीशी वाट्यावरून भांडलेला देवराम संध्याकाळी डोंगा घेऊन तलावात जातो. हातात बाटली. दुसऱ्या दिवशी सगळा तलाव पांढरा, मासे पोट वर करून तरंगताहेत. मी देवरामची चाल करून दाखवतो, बाटली कमरेला खोचून दाखवतो. लोक हसून हसून पाणी मागतात. जहऱ्या हे नावही माझंच. मीच ठेवलं — आणि चिकटलं.

आता खरं काय ते सांगतो. जरा धीर धरा, मलाही धरावा लागतोय.

त्या वर्षीचा मे असा होता की तलावाच्या बांधावर, पाळीवर, अनवाणी उभं राहता येत नव्हतं. मालगुजाराच्या काळातला आमचा तलाव निम्म्यावर आलेला, पाणी आंघोळीला काढल्यासारखं गरम. आणि मग भर उन्हाळ्यात आभाळ भरून आलं. पाऊस नाही, वारा नाही, पान हलेना. देवरामला आठवड्याआधीच ऊन लागलं होतं. त्या संध्याकाळी तलावावर जाताना तो माझ्या दारात थांबला. बायको माहेरी होती. मी रिकामी दारूची बाटली विसळली, तीत मठ्ठा भरला, मीठ टाकलं आणि त्याच्या हातात दिली. मी. या हातांनी.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी तलावावर गेलो. मासे वर आले होते. मोठमोठे कतला, रोहू, सगळे तोंडं उघडी टाकून, लग्नात पंगतीची वाट पाहणाऱ्या पाहुण्यांसारखे. मला कळलं नाही का? कळलं. बाबा सांगायचे, मासा असा वर आला की त्याचा दम कोंडला समजायचं, गावात आरोळी ठोकायची, सगळे डोंगे पाण्यात घालायचे आणि वल्ह्यांनी तलाव घुसळून काढायचा. पाण्यात हवा गेली की मासा वाचतो. बाबांच्या हयातीत अशी वेळ क्वचितच आली. आता एका उन्हाळ्याआड येते.

मी आरोळी ठोकली नाही. हाताने उचलता येत होते हो मासे! टोपलं भरलं, घरी आणलं, गल्लीत वाटलं, आणि जाळं कसं फेकलं याची शेखी मिरवली. म्हटलं, सांगू नंतर. नंतर म्हणजे कधी? दिवस वर आला तोवर सगळा मासा मेला होता, सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

सभा पाळीवरच भरली. जहराची दवाई टाकली, दवाई टाकली, असा गलका. कोणीतरी म्हणालं, देवरामजवळ काल बाटली होती. देवराम माझ्याकडे वळला. अगदी निवांत, कारण त्याचा साक्षीदार समोरच उभा होता.

"सांग ना रे बाबू, काय होतं बाटलीत?"

आणि मी म्हणालो, "मले काय मालूम?"

काहून म्हणालो असेन? कारण बाटली निर्दोष निघाली असती, तर पुढचा प्रश्न टोपल्यावर आला असता. सकाळी तूच होतास ना तिथं? मग ओरडला काहून नाहीस?

देवराम माझ्याकडे पाठ करून पाळीवरून उतरला. सोसायटीतून त्याचं नाव कटलं. डोंगा विकून तो नागपूरला गेला, एका इमारतीचा चौकीदार झाला. ज्यानं उभा जन्म पाण्यावर काढला, तो आता लिफ्टजवळ बसतो.

यंदाच्या मे महिन्यात पुन्हा तसंच आभाळ आलं. पोरांनी वेळेवर हाक दिली, डोंगे फिरवले, पाण्याच्या मोटारी लावल्या, अर्धा मासा वाचला. मीही वल्हं मारलं, दम लागेस्तोवर. तेवढ्यात एकजण ओरडला, "अरे, जहऱ्या तं नागपुरात हाये! मंग यंदा कोनं टाकलं बे?" सगळे हसले आणि सवयीनं माझ्याकडे पाहू लागले.

आता टीव्हीवर सांगतात, समुद्र तापला, मासा खोल गेला, हवामान बिघडलं. आमच्या तलावालाही तेच लागू. म्हणजे गुन्हेगार सापडला की! हवामान! मला केवढी सोय — त्याच्यावर ढकलावं आणि हात झटकावे. पण ऊन मी पाडलं नव्हतं. गप्प मी बसलो होतो.

येत्या रविवारी शहापूरला भाच्याचं लग्न आहे. देवराम येणार आहे. तो दरवेळी मागच्या रांगेत बसतो, माझी गोष्ट सुरू झाली की हात धुवायला उठतो. खुर्च्या सरकतील. फर्माईश होईल. मी त्याला आधी हाताला धरून समोर बसवीन. नेहमीसारखीच सुरुवात करीन, संध्याकाळ, डोंगा, हातात बाटली. चाल मात्र करून दाखवणार नाही. लोक हसतील, हसू देईन. मग टोपल्याचं सांगीन. त्यानंतर देवरामनं उठावं, बसावं, थोबाडीत द्यावी — ते त्याचं.

बाटलीत मठ्ठा होता. मीच भरून दिला होता.