उलटा हात

मे महिन्याच्या भर दुपारी आमच्या जरीपटका भागातल्या भांड्यांच्या दुकानाचं शटर अडकलं आणि बाबा आत राहिले. शटर कापायला मी माझ्या वर्कशॉपमधला छोटा प्लाझ्मा कटर, विजेच्या ठिणगीनं पत्रा कापणारं मशीन, आणला आणि शेजाऱ्यांकडून विजेची लाईन घेतली. पण ठिणगी पडली की मशीन बंद. मी कटरच्या टोकाचं नोझल बदलत बसलो. आतून बाबांचा आवाज येईनासा झाला.

कूलर दुरुस्त करत फिरणारा एक म्हातारा सायकल टेकवून आला. त्यानं बटण बंद केलं आणि वायरवरून उलटा हात फिरवत प्लगपर्यंत गेला.

"ताप इथं हाय गा. सॉकेट ढिलं झालं. दुसऱ्यात लाव."

लावलं, तर शटर कापलं गेलं.

बाबा घामानं निथळत बाहेर आले. म्हाताऱ्यानं तोच उलटा हात त्यांच्या कपाळाला लावला.

"इथं काही नाही. यायले पाणी द्या," म्हणाला आणि सायकलवर बसून निघूनही गेला.

आता रोज वर्कशॉपमधून घरी आलो की मी बाबांच्या कपाळाला उलटा हात लावतो. बाबा आपणच कपाळ पुढं करतात.