राव म्हणजे थांब

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. गोव्यात, मयेतल्या आमच्या वाडीवर हे नाव कुणाच्या जिभेवर बसत नाही, म्हणून सगळे 'तिच्या शिरांचं दुखणं' म्हणतात. चालताना माझा तोल गेला की काहीजण 'घेतलीय की काय' अशा नजरेने बघतात. बघू देत. डोळे त्यांचे, पाय माझे.

एकदा भर दुपारी मी स्वयंपाकघरात पडले. नवरा कारखान्यात, घरात चिटपाखरू नाही. हात टेकला की सरके, गुडघा मुडपला की दगा देई. संध्याकाळी पाव विकणाऱ्या पोदेराचा पों-पों ऐकू येईपर्यंत तशीच लादीवर. हाका मारल्या तेव्हा तो पाव-उंड्यांची सायकल टाकून आत धावला, मला उचलून खुर्चीत बसवलं आणि वर विचारतो कसा, "उंडे किती देऊ?" मी आधी हसले, मग ढसाढसा रडले. मला धावायचं नव्हतं, डोंगर चढायचे नव्हते. जमिनीवरून एकटीने उठायचं होतं, बस!

व्यायाम शिकवणारे फिजिओथेरपिस्ट मूळचे कोल्हापूरचे. एरवी फोनवर व्हिडिओने वर्ग घेत आणि बुधवारी डिचोलीतल्या हॉलमध्ये समोरासमोर. त्यांचं प्रत्येक वाक्य 'राव'वर संपायचं. पहिल्याच दिवशी फोनवर ते ओरडले, "पाय उचला राव!" आता आमच्या कोकणीत राव म्हणजे थांब. मी पाय अर्धवट उचलून थांबले. शेजारच्या चौकटीतली पेडण्याची बाईही थांबली. "थांबलात का राव?" म्हणाले, तशा आम्ही आणखीच गप्प! उलगडा झाल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला, पण सवय काही सुटली नाही.

फोनला मी नावं ठेवणार नाही. उकाड्यात माझे पाय भिजल्या पापडासारखे होतात. अशा दिवशी पंख्याखाली, मानेवर ओला टॉवेल टाकून घरातच व्यायाम करता येतो, हे उपकारच. पण जमिनीवरून उठणं काही ते फोनवर शिकवेनात. "पडलात तर काचेतून धरू कसा राव?" मग हॉलला जायलाच हवं.

नवऱ्याचं वेगळंच; फोनवर होतंय तर बसने कशाला जायचं, हा त्याचा हेका. "फोनार जाता न्हय? मगे बशीन कित्याक जातस? वाटेर पडलंस तर?"

त्याची भीती खरी होती, मला कळत होतं. पण भीती त्याला आणि कोंडून घ्यायचं मी? म्हटलं, "घरात पडले तेव्हा कुठल्या बसमधून पडले होते?" नणंद म्हणाली, लोक काय म्हणतील. लोकांची तोंडं काय मी शिवत बसू! नवरा रुसला. मी बुधवारी बस पकडली.

हॉलमध्ये आम्हाला मुद्दाम खाली बसवत. कुशीवर वळा, हाताने रेटा, हातापायांवर या, एक पाऊल पुढे टाका, मग उठा राव. आधी ते आमच्या कमरेला बांधलेला पट्टा घट्ट धरत. मग सैल. पुढे पुढे नुसतं बोट. पेडण्याची बाई माझ्याआधी उठली की माझा असा जळफळाट व्हायचा की त्या जोरावरच मी उभी राहायचे. हा जळफळाट फोनवर कुठला मिळायला!

गेल्या बुधवारी परत आले, तेव्हा नवरा बसथांब्यावर उभा होता. मी बसमधून उतरले, पाय वळला आणि त्याच्या डोळ्यांदेखत तांबड्या मातीत आडवी झाले. कंडक्टरने खाली उडी मारली, दुकानातली माणसं धावली, सगळ्यांच्या पुढे नवरा. काखेत हात घालून उचलणार, एवढ्यात मी ओरडले, "रावात!"

सगळे जागच्या जागी. नवऱ्याचे हात माझ्या काखेशी येऊन थांबले. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला तसा कंडक्टर त्याच्यावरच खेकसला, "राव रे, बाय उठता!"

मी कुशीवर वळले. रेटा दिला. हातापायांवर आले. पाऊल पुढे टाकलं, ते सरकलं, पुन्हा टाकलं. कानात कोल्हापूर ओरडत होतं, उठा राव! आणि उठले. कुणाचं बोटही न लागता, माझी मी उठले!

नवऱ्याचे डोळे भरले होते. काहीतरी करायला हवं म्हणून तो वाकून माझ्या कपड्यांवरची माती झाडायला लागला.

"राव," मी म्हटलं. "झाडू नको. सगळ्या वाडीला दिसू दे."