श्रवणयंत्रांच्या पडवीत

पितळ कानाला टेकलं की आधी गारवा जाणवतो, आवाज मागाहून येतो. बोर्डीतल्या त्या पडवीत, भर उन्हाळ्यात, तो गारवा किती सुखद होता! कानाच्या एका निवृत्त डॉक्टरांनी तिथे जुनी श्रवणयंत्रं मांडून ठेवली आहेत: धोत्र्याच्या फुलासारखे कर्णे, खिशात ठेवायच्या पेट्या, त्यांच्या काळवंडलेल्या तारा. ऐकू यावं म्हणून माणसाने केलेला केवढा हा आटापिटा! आणि ऐकू जाऊ नये म्हणून केलेला? त्याचं संग्रहालय कोण मांडणार?

माझे वडील, अण्णा, रेल्वेतून निवृत्त झाले तेव्हापासून जवळजवळ बहिरेच आहेत. त्यांच्या बहिरेपणाचा जाच मी सर्वांना सांगत आले; त्यात माझी सोयही होती, हे मात्र कुणाजवळ बोलले नाही. झरीच्या वृद्धाश्रमाशी फोनवरचं सगळं बोलणं मी त्यांच्या समोर बसून केलं आणि त्यांना सांगितलं, चार दिवस समुद्राची हवा खाऊन येऊ. डहाणू रोडहून निघालो, वाटेत संग्रहालयाची पाटी दिसली आणि उतरलो. खरं तर उरलेला रस्ता मला लांबवायचा होता.

कान बघायला आलात की दाखवायला, असं डॉक्टरांनी दारातच विचारलं. अण्णा नुसतेच हसले. मग डॉक्टरांनी एक लांब नळी काढली, तिचं एक टोक अण्णांच्या कानाला लावलं, दुसरं माझ्या हाती दिलं आणि म्हणाले, ओरडू नका हं, रोजच्यासारखं बोला.

रोजच्यासारखं! जेवण, गोळ्या, दिवे, एवढंच वर्षानुवर्षं ओरडून सांगणाऱ्या माझ्याजवळ हळू बोलण्याजोगं उरलं होतं तरी काय? एकच गोष्ट.

"अण्णा, मी तुम्हाला झरीला ठेवायला निघालेय."

डॉक्टर खिडकीशी सरकले. अण्णांनी आपलं टोक कानावरून काढून ओठांशी नेलं. मला तर नळीवाचूनही ऐकू येतं. तरी मी माझं टोक कानाला लावलं.

"ठाऊक आहे. मे महिन्यात, चार दिवसांसाठी, स्वेटर कोण भरतं गं?" मग ते म्हणाले, "राहीन मी. पण माझाच हट्ट होता, असं लोकांना सांगू नकोस."

भावाला सांगायला नेमकं तेच वाक्य मी घोकून ठेवलं होतं. त्यांनी मला क्षमा केली नाही, मीही मागितली नाही. पण इतकी न्याय्य मागणी माझ्याकडे आजवर कुणी केली होती?

संध्याकाळी भावाचा फोन आला. अण्णा स्वतःहून तयार झाले ना, त्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "मी ठेवून आले."